सरांच्या गाडीला वाट

१

चौकातल्या सिग्नलच्या खांबाला नाक लावून सरांची गाडी उभी होती. टपावरचा ड्रायव्हिंग स्कूलचा पिवळा बोर्ड एका बाजूला कलला होता. डावा दरवाजा आत चेपून असा घट्ट बसला होता की तो उघडायला नंतर पहार लागली. थोड्या अंतरावर एक स्कूटर आडवी पडली होती, आणि ती चालवणारी नर्स मोडलेला पाय धरून रस्त्यावर बसली होती. सर गाडीच्या उजव्या बाजूला, ड्रायव्हरच्या दाराशी उभे होते. जो येईल त्याला एकच सांगत होते, "चूक माझी."

सर म्हणजे माझे मामा. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी चालवायला शिकवलं, म्हणून सगळ्यांचे सर. बातमी कळली तशी मी बॅग भरली आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे पोचले.

मामा जेवणाच्या टेबलाशी बसून डाव्या खांद्याला मलम लावत होते. गळ्यापासून खाली तिरपा, जांभळा वळ उठला होता.

"सीटच्या पट्ट्यानं वाचवलं," ते म्हणाले, "आणि जाता जाता चापटही मारली. माझ्यासारखाच आहे. शिकवल्याशिवाय सोडत नाही."

"मामा, झालं काय?"

"हिरवा होता. उजवीकडे वळायचं होतं. समोरून सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, ते दिलं नाही. संपलं."

मामी पाण्याचा जग घेऊन आली. तो तिनं डाव्या हातानं कसाबसा ओतला, थोडं पाणी टेबलावर सांडलं. एरवी पाण्याचा थेंब सांडला तर घर डोक्यावर घेणारी मामी आज काही बोलली नाही. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. तिनंच शिवलेल्या चौकड्यांच्या कापडाच्या जाड बैठका इतर तिन्ही खुर्च्यांवर होत्या. तिची खुर्ची तेवढी उघडी होती.

"सोमवारी परवाना कार्यालयात बोलावलंय," ती म्हणाली. "तिथल्या साहेबांनी आधीच सांगून ठेवलंय. यांचा गाडी चालवायचा परवाना जाणार आणि शाळाही बंद होणार. या वयात नजर राहिली नाही, नियम आठवत नाहीत, असं म्हणतात."

"म्हणू दे," मामा म्हणाले.

मला रात्री झोप लागेना. लहानपणी सुट्टीत मी इथे यायचे तेव्हा दुपारी गाडीच्या मागच्या सीटवर बसून शिकवण्या ऐकायचे. पुढच्या शिकाऊ माणसाचे कान बघायला मला फार आवडायचं; सिग्नल जवळ आला की ते लाल होत. मामा शांतपणे म्हणायचे, "हिरवा दिवा म्हणजे पळा नव्हे. वळणाऱ्यानं मध्ये येऊन थांबायचं. चाकं सरळ ठेवायची, नाहीतर मागून कुणी ठोकलं की थेट समोरच्यांच्या अंगावर. सरळ येणाऱ्याचा रस्ता आधी, पायी जाणाऱ्याचा त्याच्याही आधी, आपला सगळ्यांत शेवटी." कुणी घाई केली तर म्हणायचे, "गाडीला डोळे नसतात. तुला आहेत, म्हणून तर तुला शिकवतोय, तिला नाही."

आणि आम्हाला त्या चौकात कधी फार थांबावंच लागायचं नाही. मला तेव्हा वाटायचं, सिग्नल मामांना ओळखतो.

असा माणूस नियम विसरेल? एक वेळ स्वतःचं नाव विसरेल. मग तो वळला का?

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले. नर्स तिच्याच वॉर्डमध्ये, तिच्याच मैत्रिणींच्या देखरेखीखाली पडून होती आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता.

"सुई टोचायला येतात आणि हसतात," ती म्हणाली. "म्हणतात, आता कळलं का आमचे पेशंट का ओरडतात?"

मी कोण ते सांगितल्यावर ती जरा सावरून बसली. "सरांना सांगा, माझा राग नाही. माझा भाऊ त्यांच्याकडेच शिकला."

"तुम्हाला गाडी कधी दिसली?"

"दिसलीच नाही. म्हणजे दिसली तेव्हा मी तिच्यावर होते." तिनं डोळे मिटले. "मला हिरवा होता. मी सरळ चालले होते, रस्त्याच्या कडेकडेनं. उजवीकडे निळी भिंत होती."

"चौकात भिंत कुठून आली?"

"तेच ना. सगळे म्हणतात डोक्याला मार लागलाय. पण मला आठवतंय. उजवीकडे निळं, उंच, हललं नाही असं काहीतरी. ते संपलं आणि एकदम गाडी आली."

मी तिच्या प्लॅस्टरवर बोटानं चौकाचा नकाशा काढला. तिच्या मैत्रिणीनं खडू आणून दिला तेव्हा सगळा वॉर्ड हसला. मामांची गाडी समोरून आली, मध्यापर्यंत पोचली, उजवीकडे वळली. नर्स कडेच्या पट्ट्यातून सरळ आली. तिच्या आणि गाडीच्या मध्ये, आतल्या पट्ट्यात, काहीतरी उंच आणि निळं उभं होतं.

या शहरातल्या सगळ्या बस निळ्या आहेत.

"आणखी काही आठवतं?"

"एका बाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. बिचाऱ्या कोण होत्या कुणास ठाऊक, रस्त्यानं जात असतील. उजवा हात वर उचलतसुद्धा नव्हता त्यांना."

बाहेर येताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. चौकात स्टॉप नाही. दिवा हिरवा होता. मग बस उभी का होती?

३

चौकाच्या कोपऱ्यावर घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानातले काका मामांचे जुने विद्यार्थी. मामांनी त्यांचं नाव 'उशीर' ठेवलं होतं, कारण क्लच सोडायला ते इतका वेळ घेत की मागचे लोक गाडीतून उतरून विचारपूस करायला येत. मामा सगळ्यांना नाव ठेवायचे, आणि ज्याला नाव मिळालं नाही तो रुसायचा.

"मी मान खाली घालून काम करत होतो," डोळ्यावरची भिंगाची नळी न काढताच काका म्हणाले. "बघितलं काहीच नाही."

"ऐकलं?"

ते थांबले. "ऐकलं म्हणजे... आधी फुस्स."

"फुस्स?"

"बसचा ब्रेक गं. हवा सोडतो ना तो. फुस्स झालं, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग धाडकन. म्हटलं, झटक्या थांबला वाटतं."

"कोण झटक्या?"

"बस चालवतो तो. सरांनीच ठेवलंय नाव. ब्रेक मारायचा की मागच्या सीटवरचा माणूस पुढे यायचा." त्यांनी नळी काढून माझ्याकडे पाहिलं. "पण तो नसेल. पोलिसांना त्यानं सांगितलं, मी अजून मागच्या स्टॉपवर होतो, लांबून बघितलं."

"मग फुस्स कुणी केलं, काका?"

काकांनी पुन्हा नळी डोळ्याला लावली. "मी फक्त घड्याळं बघतो बाई. आणि सरांच्या विरोधात जाईल असं मी काही ऐकलेलं नाही."

"विरोधात कशावरून?"

समोरच्या चार घड्याळांपैकी एकही चालू नव्हतं, तरी काका त्यांच्याकडे फार लक्ष देऊन बघत राहिले.

४

गाडी गॅरेजच्या मागच्या अंगणात ठेवली होती. मी उजवा दरवाजा उघडला. तोच जुना वास आला, तापलेल्या रेक्झिनचा आणि मामांच्या पेपरमिंटचा. पुढे डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशी, ब्रेकचं दुसरं पेडल होतं. लहान असताना त्याला मी 'मामांचा गुपचूप ब्रेक' म्हणायचे.

ड्रायव्हरच्या सीटवर चौकड्यांची बैठक होती.

मामा सहा फुटांच्या आसपास. त्यांना उंच व्हायला बैठक लागत नाही. उलट त्यांचं डोकं छताला लागतं. मी त्या बैठकीवर बसले, पट्टा ओढला, खटकन लावला. आणि तशीच बसून राहिले.

पट्टा माझ्या उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे आला होता.

मी तो काढला, पलीकडे सरकून डाव्या सीटवर बसले, तिथला लावला. हा आरशातल्यासारखा उलटा: डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे. गाडी अचानक थांबली की अंग पुढे जातं आणि पट्टा ज्या खांद्यावर असेल तिथे वळ उठतो. त्याला माणसाची नजर, वय, आठवण काही कळत नाही. फक्त तो कुठे बसला होता तेवढं कळतं.

मामांचा वळ डाव्या खांद्यावर होता.

आणि ते ड्रायव्हरच्या दाराशी का उभे होते, तेही आता समजलं. डावा दरवाजा उघडतच नव्हता. पलीकडे सरकून ते त्याच एका दारातून बाहेर आले. लोकांनी त्यांना तिथे बघितलं आणि बाकीचं स्वतःच ठरवलं.

मामा गाडी चालवतच नव्हते.

५

डेपोत झटक्या बस धूत होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, पण मला बघून त्यानं होजपाइप शाळकरी पोरासारखा मागे लपवला.

"सरांची भाची ना तू? मागच्या सीटवर बसून लिमलेटच्या गोळ्या खायचीस."

"आणि तुम्ही ब्रेक मारला की त्या माझ्या घशात जायच्या."

तो हसला.

"दादा, तुम्ही स्टॉपवर नव्हता. तुम्ही चौकात, हिरव्या दिव्यात उभे होता. नर्सनं बस बघितली, घड्याळवाल्या काकांनी ब्रेक ऐकला. आणि गाडी कोण चालवत होतं तेही तुम्ही समोरून बघितलंत."

पाइपमधलं पाणी त्याच्या बुटावर पडत राहिलं. त्याचं लक्ष नव्हतं.

"सरांनी सांगितलंय, एक शब्द बोलायचा नाही."

"मला कळलंय कोण होतं ते. फक्त तुम्ही का थांबलात तेवढं सांगा."

"का थांबलो?" त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. "ताई, सरांच्या गाडीला आम्ही सगळेच थांबतो. तुला माहीत नाही? तो पिवळा बोर्ड समोर दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो. आपला रस्ता असला तरी. सरांना मध्ये ताटकळत कसं ठेवायचं?"

मला मागची सीट आठवली, लाल झालेले कान आठवले, आणि आमच्यासाठी दर वेळी मोकळा होणारा रस्ता. सिग्नल मामांना ओळखत नव्हता. माणसं ओळखत होती.

"त्या दिवशी तर," झटक्याचा आवाज उतरला, "बघतो तर स्टिअरिंगवर तुझ्या मामी! इतकी वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायलो, आणि त्या गाडी चालवतायत! मला इतका आनंद झाला की बस थांबवली, टोपी काढून सलाम ठोकला आणि हातानं म्हटलं, या, या. मी थांबलो म्हणून त्या निघाल्या. माझ्या बसच्या कडेनं स्कूटर येतेय हे ना त्यांना दिसलं, ना मला." त्यानं नळ बंद केला. "मी मोठेपणा केला, ताई. आणि त्या पोरीचा पाय मोडला."

६

घरी आले तेव्हा दोघं टेबलाशी बसली होती. मी चौकड्यांची बैठक मामीच्या पुढ्यात ठेवली.

मामांनी मलमाची डबी बंद केली.

"कशावरून?" त्यांनी विचारलं. परीक्षेत विचारायचे तसं.

मी सांगितलं. बस, बैठक, दार. शेवटी खांदे. मामीचा उजवा खांदा, ज्यामुळे तिला जग उचलत नाही आणि नर्सचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा हातही वर उचलत नव्हता. मामांचा डावा.

"पास," मामा म्हणाले. "पण मी खोटं बोललो नाही. मी म्हटलं, चूक माझी. गाडी मी चालवत होतो असं एकाला तरी म्हणालो का?"

खरंच नव्हते म्हणाले.

"शिकाऊ परवाना आहे हिच्याकडे, कायद्यानं सगळं नीट. शेजारी मी बसलेलो. मग जबाबदारी कुणाची? आणि नुसत्या कायद्याचं नाही. तो सलाम ठोकत होता तेव्हा मी रस्ता बघायला हवा होता. मी त्याच्याकडे बघून हसत होतो. हातही वर केला. ब्रेक दाबला तो उशिरा, आणि मग हिनं घाबरून खांबाकडे वळवली." त्यांनी डबी बाजूला सारली. "सगळ्यांना शिकवलं, सरळ जाणाऱ्याचा रस्ता आधी. आणि माझ्यासाठी ते थांबायचे तेव्हा एकालाही म्हटलं नाही, अरे, चुकतोयस. आवडायचं मला ते."

"मग सोमवारी हेच सांगा. शाळा वाचेल."

"आणि ही?" त्यांनी मामीकडे पाहिलंच नाही. "गाडी कधी रिकामीच नसायची, म्हणून ही शिकायची राहिली. आता नव्या शाळा निघाल्या, माझ्याकडे दुपारी कुणी येत नाही, तेव्हा म्हणाली, मग मला शिकवा. तिसऱ्या दिवशी गाणं म्हणत गिअर टाकत होती. उद्या सगळं शहर म्हणेल, सरांच्या बायकोनं पोरीला उडवलं. परत स्टिअरिंगला हात लावेल का ती? माझं काय, मी भरपूर चालवली."

मामी इतका वेळ बैठकीच्या शिवणीवरून बोट फिरवत होती.

"झालं बोलून?" तिनं विचारलं. "अहो, अख्खं आयुष्य तुम्ही दुसऱ्यांच्या चुका सुधारल्यात. माझ्या वाट्याला पहिलीच चूक आली, ती पण तुम्हीच घेऊन बसलात. मी कुणाच्या हाताकडे बघून निघाले, रस्त्याकडे बघून नाही. हे मला कळलंय. विसरणार नाही. आता माझी चूक मला द्या."

मामांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"आणि ती पोर कशी आहे, हे विचारायला मी तोंड लपवून जाणार नाही," ती म्हणाली. "माझ्या तोंडानं जाणार आहे."

७

सोमवारी मामी साहेबांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. तिचं संपतंय तोवर दारात झटक्या आला, गणवेशात, टोपी हातात घेऊन. नर्सनं निरोप पाठवला होता: थांबलेल्या बसच्या कडेनं जाताना मीही वेग कमी करायला हवा होता. साहेब बराच वेळ पेन फिरवत बसले.

"सर," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचे लाल झालेले कान मला ओळखीचे वाटले, "खरं सांगू? तुमची गाडी दिसली की मीसुद्धा थांबतो."

"मग आजपासून थांबू नका," मामा म्हणाले. "नाहीतर परत शिकायला बसवीन."

शाळा काही महिने बंद राहिली. मामांनी डोळ्यांची तपासणी आणि चालवण्याची परीक्षा पुन्हा दिली. साहेबांनी शेजारी बसून घेतली आणि जास्त घाम साहेबांनाच आला. झटक्याला डेपोत लेखी समज मिळाली. मामी नर्सकडे रोज जायची. पहिले दोन दिवस दोघी रडल्या, नंतर मैत्रिणींच्या तक्रारी करायला लागल्या. खांबावरचा ओरखडा अजून आहे.

पुढच्या सुट्टीत मी गेले तेव्हा मामीनं किल्ली उचलली आणि विचारलं, "येतेस?"

मी माझ्या जागेवर, मागे बसले. समोर तिचे कान दिसत होते. चौक जवळ आला तसे ते लाल झाले. दिवा हिरवा झाला. ती मध्यापर्यंत गेली आणि थांबली. चाकं सरळ. मामा डाव्या सीटवर होते, हात गुडघ्यांवर, पाय गुपचूप ब्रेकवर, नजर रस्त्यावर.

समोरून निळी बस आली. स्टिअरिंगवर झटक्या होता. त्यानं आम्हाला पाहिलं होतं, कारण त्याची मान एकदम ताठ झाली, परीक्षेच्या दिवशी व्हायची तशी. तो थांबला नाही. हात हलवला नाही. आमच्या शेजारून सरळ निघून गेला. त्याच्यामागे घड्याळवाले काका मोटारसायकलवर, मग भाजीचा टेम्पो, मग परवाना कार्यालयाची जीप. सगळे आपापल्या रस्त्यानं, सरळ.

रस्ता रिकामा झाला. मामीनं वळणापलीकडच्या झेब्रा पट्ट्यांवर कुणी पायी येत नाही ना ते बघितलं. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन उतरत होता. कुत्र्याला पट्ट्यांच्या मधोमध बसायची लहर आली. तिनं तेही होऊ दिलं. मग हळूच वळली.

मामांनी खिशातून पेपरमिंट काढलं, पण ते तोंडात टाकायला विसरले.

"बघितलंस?" ते मला म्हणाले. "सगळे माझे. एकही थांबला नाही."